ऐरोलीच्या फ्लेमिंगो सफारीआधीची ठाणे खाडी

हिवाळा सरता सरता ऐरोलीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो पाहायला पाहुण्यांची गर्दी होते. ठाण्यात बोटिंग म्हटले की पूर्वी मासुंदा तलाव आठवायचा. खाडीत हौसेने फिरायला जायचे, ही कल्पना मात्र अगदी अलीकडची.

एके काळी ही खाडी म्हणजे वाहता रस्ता होता. शिलाहारांच्या काळात ठाणे, म्हणजे तेव्हाचे श्रीस्थानक, बंदर म्हणून नांदत होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले. १८५४ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला गेली. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा पूल खुला झाला आणि पाण्यावरून ये-जा करण्याची गरज उरली नाही. मग शहराने खाडीकडे पाठच केली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे पाणी, गटारे, राडारोडा, सगळे तिच्यात जाऊ लागले.

दिवा, वाशी, सारसोळे, दिवाळे इथले कोळी मात्र खाडीतच राहिले. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, पाणी कुठवर चढते, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, होडी कुठे रुतते, निवट्या हे चिखलातले मासे कुठे मिळतात, हे त्यांना ठाऊक होते. मासळी घटत गेली त्याची झळही आधी त्यांनाच बसली. आज पाहुण्यांच्या फेऱ्यांची वेळ भरती पाहूनच ठरते. खाडीच्या पर्यटनात पहिला मान कोळ्यांचा असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

फ्लेमिंगो मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० च्या दशकात. त्यात लहान जातीचे फ्लेमिंगो अधिक. त्यांचे मुख्य खाणे म्हणजे नील-हरित शेवाळ, आणि सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते फोफावते असे अभ्यासक सांगतात. म्हणजे हा गुलाबी थवा खाडी निर्मळ झाल्याची खूण नव्हे. बोटीतल्या प्रत्येकाला हे सांगायलाच हवे.

पक्ष्यांना उथळ चिखल लागतो, आणि त्या चिखलाला भरावापासून आडोसा देतात काठची तिवरे, म्हणजेच कांदळवन. ती तुटत होती. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आतले बांधकाम थांबवले; आजची सफारी शक्य झाली त्याचे मोठे श्रेय मी या आदेशाला देईन. २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष उभा राहिला. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले. त्यातले ८९६ हेक्टर कांदळवन, बाकी पाणी. त्यानंतर ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुरू झाले आणि तिथून बोटी निघू लागल्या. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

अभयारण्याजवळच्या सीवूड्स-नेरूळच्या पाणथळ जागांचा प्रश्न वेगळा आहे. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की थवे तिथे जाऊन उतरतात, आणि या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत.