पाळीच्या कळा: सुंठ, बडीशेप आणि दारातला अशोक

नाशिकमध्ये सोसायट्यांच्या कुंपणाला जो सरळसोट, पानं खाली सोडलेला ‘अशोक’ दिसतो, तो औषधातला अशोक नव्हे. खरा तो सीता अशोक: पसरट, सावली धरणारा, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. पंचवटीतून नेलेल्या सीतेला लंकेत ज्याच्याखाली ठेवलं म्हणतात, तोच. पाळीच्या दुखण्यावर घराघरांत जी अशोकारिष्टाची बाटली असते, ती त्याच्या सालीची.

पण ही साल मुळात कळांसाठी नव्हतीच. अकराव्या शतकातल्या ‘चक्रदत्त’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात ती दुधात उकळून द्यायला सांगितली आहे, तीही असृग्दरावर, म्हणजे अंगावरून जास्त जाण्यावर. वेदनेचा विचार चरकसंहितेत वेगळा आहे. तिथल्या वीस योनिव्यापदांपैकी, म्हणजे स्त्रीरोगांपैकी, ‘उदावर्तिनी’त वेगाने वर उलटलेल्या वायूमुळे रज कष्टाने सुटतं आणि ते सुटलं की लगेच बरं वाटतं. पहिल्या दिवशी कळवळून दुसऱ्या दिवशी उठून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला हे वर्णन नवं वाटणार नाही. पुढे बाजारात मात्र जास्त जाणं, कमी जाणं, दुखणं, सगळ्यावर एकच बाटली झाली.

आमच्या आजीचा वायूवरचा इलाज सुंठीचा. सहाणेवर उगाळायची, गूळ-तुपात कालवून सुपारीएवढी गोळी हातावर ठेवायची. सोबत ओव्याचा शेक.

कळ का येते, हे प्रयोगशाळेला बरंच उशिरा कळलं. १९५७ मध्ये पिकल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. पुढे त्याची ओळख प्रोस्टाग्लँडिन म्हणून पटली. गर्भाशयाचं अस्तर सुटताना ते तयार होतं, स्नायू करकचून आवळतात, रक्तपुरवठा तुटपुंजा होतो आणि कळ उठते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं नेमकं हेच द्रव्य बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मेडिकलमधून मैत्रिणीकरवी मागवली जाणारी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी याच वाटेने काम करते. (तिच्या एका दुर्मीळ पण गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता.)

यंत्रणा कळल्यावर वनस्पतींची परीक्षा घेता येऊ लागली, आणि त्यात पुढाकार इराणी संशोधकांचा. २००३ मध्ये बडीशेपेचा अर्क मेफेनॅमिकसमोर उभा केला गेला. उतार दोन्हींनी पडला, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोळी सरस ठरली. २००९ मध्ये १५० तरुणींवर आल्याची पूड तपासली गेली: २५० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, पाळीचे पहिले तीन दिवस. फरक जवळजवळ गोळीइतकाच. दिवसाचा एक ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा चमचा सुंठ. आजीची गोळी फार लांब नव्हती.

एवढ्यावर हुरळून जाण्यात अर्थ नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात २७ चाचण्या आणि ३,१०१ स्त्रिया होत्या. निष्कर्ष असा की भक्कम पुरावा कशाचाच नाही. आलं, मेथी अशा थोड्यांचा उपयोग होत असावा, इतकंच. चाचण्या लहान होत्या आणि दुष्परिणामांची नोंद अपुरी. शिवाय हे सगळं साध्या कळांपुरतं. दर महिन्याला वाढत जाणारं दुखणं एन्डोमेट्रिऑसिसचं, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं असू शकतं. त्यासाठी सुंठ नव्हे, सोनोग्राफी आणि डॉक्टर. शेकाचं मात्र आजीला पूर्ण श्रेय द्यायला हवं: पोटावरची सततची ऊब आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या तोडीची ठरल्याचं २००१ च्या चाचणीत दिसलं होतं.

कोक्रेनच्या त्या आढाव्यात बारा वनस्पती होत्या. दालचिनी आहे, शेपा आहेत, अगदी पेरूही आहे. अशोक नाही. आणि उद्या कोणी चाचणी घ्यायची म्हटली, तरी आधी साल तपासून घ्यावी लागेल, कारण काष्ठौषधीच्या बाजारात खऱ्या अशोकाच्या नावाखाली त्या सोसायटीतल्या उंच झाडाची साल खपवली जाते.