माजी सैनिकांसाठी दारू कमी करायचे मोबाइल अ‍ॅप

फौजेतून रिटायर झालेल्या आणि ड्युटीवर पाहिलेल्या-भोगलेल्या गोष्टींचा घाव मनावर राहिलेल्या माणसाला पिणं कमी करायला किंवा बंद करायला मदत करणारे हे मोबाइल अ‍ॅप आहेत. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये असे काही अ‍ॅप माजी सैनिकांसाठीच म्हणून बनवले गेले आणि त्यांच्यावर रीतसर अभ्यासही झाले. नुसते पेग मोजून देणारे अ‍ॅप तर ढीगभर मिळतात, पण इथे पिणं आणि मनातला घाव या दोन गोष्टी एकाच ठिकाणी हाताळलेल्या असतात, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे कारण फौजी माणूस बऱ्याचदा मजेसाठी पीत नसतो, झोपेसाठी पीत असतो.

हे आधी नीट समजून घेऊ. भयंकर प्रसंगानंतर महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या त्रासाला पीटीएसडी म्हणतात, व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून झालेल्या चर्चेनंतर १९८० मध्ये हे नाव अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत आलं. तोच प्रसंग डोळ्यासमोर परत परत येतो, स्वप्नात येतो, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा-माणसं टाळाविशी वाटतात, मन बधिर होतं, आणि अंग कायम सावध राहतं, म्हणजे दार वाजलं तरी माणूस दचकून उठतो. आता असा माणूस घरी आला, गाव चाळीसगावकडचं असो की साक्री-शिंदखेड्याकडचं, वय असतं जेमतेम अडतीस-चाळीस कारण जवान लवकर रिटायर होतो, आणि पुढे एकतर शेती नाहीतर बँकेत, एमआयडीसीत सिक्युरिटीची नाईट ड्युटी. शेतीला थ्री-फेज लाईट आठवड्याआड रात्रीची असते, मग मोटर चालू करायला अंधारात कपाशीत नाहीतर केळीच्या बागेत एकट्याने जायचं, पानं सळसळतात, कुठेतरी ट्रान्सफॉर्मर फुटतो, लग्नसराईत वरातीत सुतळी बॉम्ब. घरातले म्हणतात फौजी आहे, याला कसली भीती. आणि तो आईला फक्त एवढंच सांगतो, "माले झोप नई येस."

दारू सुरुवातीला खरंच झोप आणते म्हणून तर फसवते. पहिले दोन-तीन तास गाढ झोप लागते, स्वप्नं दबतात, पण उत्तररात्री दारू उतरायला लागली की दबलेली स्वप्नं जोरात वर येतात, घाम फुटतो, तीन वाजता डोळे टक्क उघडे. दुसऱ्या दिवशी अंग जड, चिडचिड जास्त, मग संध्याकाळी थोडी वाढवून घ्यायची. म्हणून नुसतं 'पिऊ नको' म्हणून भागत नाही, त्या तीन वाजताचं काय करायचं ते कोणीतरी सांगावं लागतं, आणि तीन वाजता जवळ असतो तो फोन.

अमेरिकेतलं या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे व्हेटचेंज. आधी ते वेबसाइटवरचा कार्यक्रम म्हणून आलं, इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या, पिणं हाताबाहेर चाललेल्या आणि युद्धाच्या ताणाचा त्रास असलेल्या सैनिकांसाठी. त्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ६०० जण होते, बरेचसे फेसबुकवरच्या जाहिरातींमधून आलेले, म्हणजे दवाखान्याची पायरी न चढलेलेही त्यात सापडले. काहींना कार्यक्रम लगेच दिला आणि बाकीच्यांना ८ आठवडे थांबवलं, तर ज्यांना लगेच मिळाला त्यांचं पिणं जास्त कमी झालं आणि त्याबरोबर पीटीएसडीचा त्रासही उतरला. पुढे तेच अ‍ॅप म्हणून फोनवर आलं, फुकट. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या ज्या केंद्राचं ते आहे त्यांचंच पीटीएसडी कोच हे अ‍ॅप २०११ पासून आहे आणि शंभराहून जास्त देशांत डाउनलोड झालंय, पण ते मुख्यतः घावासाठी आहे, दारूसाठी नाही. तिथेच स्टँड डाउन नावाचं एक अ‍ॅप अभ्यासलं गेलं, त्यात एका गटाला अ‍ॅपच्या जोडीला दुसऱ्या माजी सैनिकाचा फोनवरून आधार अशी रचना होती, आणि ही कल्पना मला फार पटते कारण फौजी फौजीशीच मोकळा बोलतो, डॉक्टरशी 'जी सर, ठीक है सर' एवढंच.

ब्रिटनमध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने ड्रिंक्स रेशन नावाचं अ‍ॅप बनवलं. तिथे १९१९ पासून माजी सैनिकांच्या मनाच्या आजारांवर काम करणारी कॉम्बॅट स्ट्रेस ही संस्था आहे, तिच्याकडे मदत मागायला आलेल्या लोकांसोबत हा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये छापून आला. १२३ जण, २८ दिवसांचा कार्यक्रम. निम्म्यांना हे अ‍ॅप आणि प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे येणारे मेसेज, बाकीच्यांना पिण्याबद्दलचा फक्त सरकारी सल्ला देणारं सर्वसाधारण अ‍ॅप. ८४ व्या दिवशी मोजलं तर सर्वसाधारण अ‍ॅपवाल्यांचं आठवड्याचं पिणं साधारण १० युनिटने कमी झालेलं आणि ड्रिंक्स रेशनवाल्यांचं साधारण २८ युनिटने. फरकाचं एक कारण हे असावं की मेसेज त्या माणसाप्रमाणे येत होता, सगळ्यांना एकच सुविचार पाठवलेला नव्हता.

आता हे युनिट प्रकरण आपल्याकडे नीट समजणं गरजेचं आहे कारण अ‍ॅप सगळं त्यावर चालवतं. ब्रिटनचं एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम. आपल्या रम-व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीचा छोटा पेग बरोबर १० ग्रॅमच्या आसपास. पण खानदेशात पेगमध्ये कोण मोजतं, मोजतात क्वार्टरमध्ये. १८० मिलीची एक क्वार्टर म्हणजे असे ६ पेग, ब्रिटिश मापाने साडेसातच्या वर युनिट, आणि तिथे आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका असं सांगतात. म्हणजे आठवड्यात दोन क्वार्टर झाल्या की हद्द ओलांडली, आणि 'रोज एकच क्वार्टर घेतो, जास्त नाही' म्हणणारा माणूस पन्नासच्या पुढे गेलेला असतो. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे जवळपास ४ पेग, तीही 'बिअर काय दारू असते का' म्हणून हिशोबात धरली जात नाही. हातभट्टीची आणि मोहाची तर ताकदच ठरलेली नाही त्यामुळे सातपुड्याच्या पट्ट्यात अ‍ॅपचं गणित आधीच लंगडं पडतं.

अ‍ॅप उघडल्यावर बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी किंवा तिचा छोटा अवतार येतो, पूर्ण चाचणीला ० ते ४० गुण, ८ किंवा जास्त आले तर पिणं त्रासदायक वळणावर आहे असं धरतात. मग ध्येय ठरवायचं, पूर्ण बंद की कमी, आणि हे ध्येय तो माणूस ठरवतो, बायको नाही, अ‍ॅपही नाही. मग रोजची नोंद. आणि मग खरी कामाची गोष्ट, कधी प्यावंसं वाटतं ते ओळखून आधीच तयारी करणं. आपल्याकडे ही यादी करायला बसलं तर वेगळीच होईल: फौजी कॅन्टीनचा दिवस, कारण कार्डावर दर महिन्याचा दारूचा कोटा असतो आणि स्वतः घेतली नाही तरी गावातले चार जण 'भाऊ, एक बाटली काढ ना' म्हणून मागे लागतात. थंडीतली शेतातली भरीत पार्टी. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलेले पाहुणे. नवसाचं बोकड. जुन्या पलटणीतल्या दोस्ताचा रात्री अकराला आलेला फोन, आणि सोबतचा जो परत आला नाही त्याची बरसी, ही शेवटची तारीख कुठल्याही अ‍ॅपला माहीत नसते, ती त्या माणसानेच भरायची असते आणि ती भरली तर त्या आठवड्यात अ‍ॅप आधीपासून हाक मारू शकतं.

तलफ आली की काय करायचं याचे उपायही आत असतात, सावकाश श्वास, आजूबाजूच्या पाच वस्तू बघून मनाला 'इथे, आत्ता' आणणं, तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते म्हणून तेवढा वेळ काढणं, आणि एका बटणावर जवळच्या माणसाला फोन. वाईट स्वप्नातून जागं झाल्यावरचे व्यायाम वेगळे असतात. हे वाचायला साधं वाटतं पण रात्री तीनला घामाघूम उठलेल्या माणसाच्या हातात बाटलीशिवाय दुसरं काहीतरी असणं ही लहान गोष्ट नाही.

पण अ‍ॅप सगळ्यांसाठी नाही आणि हे ठणकावून सांगायला हवं. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोट घेतला की थांबतात असं ज्याचं झालंय त्याने अ‍ॅपच्या किंवा कोणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होणं, माणूस ओळखू न येणं, ताप-घाम असं होऊन जीवावर बेतू शकतं. आपल्याकडे माळ घालून एका दिवसात दारू सोडलेले लोक आहेत आणि माळेचा आधार खरंच मोठा असतो, तो घ्यावाच, पण रोज भरपूर पिणाऱ्याने माळ घालायच्या आधी डॉक्टरला भेटावं, गोळ्यांच्या मदतीने आठवड्याभरात सुरक्षित उतरता येतं. आणि भाजीत गुपचूप दारू सोडवायची गोळी मिसळून देणं तर मुळीच नको, त्यावर तो प्यायला तर बीपी कोसळून घात होऊ शकतो.

भारतात फोनवरून मदत मिळायची सोय आता बरी आहे. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची १४४१६ नंबरची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. व्यसनासाठी १४४४६ ही वेगळी हेल्पलाइन आहे. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड तर बहुतेकांकडे असतं पण ते बीपी-शुगरसाठी वापरलं जातं, मनाच्या डॉक्टरसाठी वापरताना 'कोणी बघेल' ही भीती. गोव्यात संगत या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून जास्त पिणाऱ्या पुरुषांना मोजक्या बैठकींत मदत देऊन बघितली, ३७७ जणांचा तो अभ्यास २०१७ मध्ये आला आणि पिणं सोडण्यात फायदा दिसला. म्हणजे मोठा मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला नसला तरी काम होऊ शकतं, तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेतला एखादा सुभेदार साहेब शिकून हे करू शकतो.

परदेशी अ‍ॅप जसंच्या तसं उचलून चालणार नाही, त्यातल्या 'बार', 'पब', 'वीकेंड' या गोष्टी धुळ्याच्या ढाब्याशी जुळत नाहीत. मापं क्वार्टर आणि चपटीत हवीत. नेट जिथे जातं-येतं तिथे, म्हणजे अक्कलकुवा-धडगावकडे, ऑफलाइन चालायला हवं. घरात एकच चांगला फोन असतो आणि तो पोरांच्या हातात असतो म्हणून पिन हवी आणि अ‍ॅपच्या चित्रावर बाटली नको. नोंदी फोनमध्येच राहाव्यात, कुठल्या ऑफिसात जाऊ नयेत, नाहीतर पेन्शनवर किंवा सिक्युरिटीच्या नोकरीवर परिणाम होईल या भीतीने खरा आकडा कोणी भरणारच नाही. आणि वाचायला लावण्यापेक्षा बोलणारं हवं. फौजेत वीस वर्षं हिंदी बोललेला माणूस भीती वाटली की अहिराणीत नाहीतर रावेर-यावलकडे लेवा बोलीत बोलतो, रात्री तीनला फोनमधून आपल्याच बोलीत कोणी 'भाऊ, पाणी पी, श्वास ले, मी शे आठे' (मी आहे इथे) म्हटलं तर तो ते ऐकेल.