मॅक्रो लेन्स निवडताना आधी अंतर मोजावे

मॅक्रो लेन्सची, म्हणजे लहान गोष्टी अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सची, चौकशी करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा समज असा असतो की फोकल लेन्थ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) जितकी जास्त, तितका किडा मोठा दिसणार. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी अनेकांचे बरेच पैसे नको त्या लेन्समध्ये अडकतात. खऱ्या मॅक्रो लेन्सची कसोटी १:१ हे प्रमाण आहे, म्हणजे विषय जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पडली पाहिजे. चार मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा ३६ × २४ मिलिमीटरच्या फुलफ्रेम सेन्सरवर चारच मिलिमीटर जागा घेतो, मग लेन्स ६० मिमीची असो, १०० मिमीची असो की १८० मिमीची. अनेक झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असे छापलेले असते, पण त्यांची मजल १:४ किंवा १:३ च्या आसपास संपते.

मग ६०, १०० आणि १८० मिमीच्या या तिघींत फरक कशाचा? लेन्सचे टोक आणि विषय यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, तिचा. छायाचित्रकार तिला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. माहितीपत्रकात छापलेले किमान फोकस अंतर मात्र सेन्सरपासून मोजलेले असते, त्यामुळे त्यातून लेन्सची आणि कॅमेऱ्याची खोली वजा करावी लागते. निकॉनच्या ६० मिमी एफ/२.८ जी लेन्सचे किमान अंतर साडेअठरा सेंटिमीटर आहे, परंतु वजाबाकी केल्यावर समोर जेमतेम पाच सेंटिमीटर उरतात. कॅननच्या १०० मिमी एफ/२.८ एल लेन्समध्ये हेच अंतर सुमारे तेरा, तर १८० मिमी एफ/३.५ मध्ये सुमारे पंचवीस सेंटिमीटर मिळते. पुढे हूड (लेन्सच्या टोकाला बसणारे, बाजूचा उजेड अडवणारे आवरण) लावले की त्यातलेही काही जाते.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर गवताच्या पात्यावर बसलेला नाकतोडा पाच सेंटिमीटरपर्यंत कोणाला येऊ देत नाही. त्याच्या संयुक्त डोळ्यांना हालचाल चटकन जाणवते, आणि जवळ येणाऱ्या लेन्सची सावली अंगावर पडली की तो उडालाच म्हणून समजा. हिप्परग्याच्या तलावाकाठचे चतुर दुपारी याहून सावध असतात. दिवाळीच्या सुमारास पहाटेचा गारवा सुरू झाला की मात्र चित्र बदलते, कारण उड्डाणाचे स्नायू पुरेसे तापल्याशिवाय चतुराला उडता येत नाही आणि ऊन लागेपर्यंत तो दव अंगावर घेऊन काडीला चिकटून राहतो. पहाटे उठणाऱ्याला १०० मिमीची लेन्स पुरते. दिवसा उन्हात काम करणाऱ्याने १५० किंवा १८० मिमीचा विचार करावा, पण १८० मिमीची ही कॅनन लेन्स किलोभराहून जड आहे, याचाही हिशेब आधी मांडावा.

आता सर्वांत अवघड भाग, डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसते ते. एफ-आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान. १:१ प्रमाणात एफ/८ ठेवले तर फुलफ्रेमवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो, आणि प्रमाण व एफ-आकडा तोच असेल तर लेन्स बदलूनही ही जाडी जवळजवळ बदलत नाही. चतुराच्या डोळ्याचा दर्शनी भाग त्यात मावतो, पण पंखांची टोके धूसर होतात. पंख स्पष्ट हवे असतील तर सेन्सर पंखांना समांतर धरणे हाच उपाय. छिद्र आणखी लहान करण्याचा मोह इथेच होतो. पण १:१ ला एफ/१६ प्रत्यक्षात सुमारे एफ/३२ सारखे वागते, कारण प्रमाणात एक मिळवून आलेल्या संख्येने, इथे दोनने, लेन्सवरचा एफ-आकडा गुणला की प्रभावी एफ-आकडा मिळतो. इतक्या अरुंद छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सुमारे ४३ मायक्रोमीटर व्यासाच्या चकतीएवढा पसरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सहा मायक्रोमीटरचा असतो, म्हणजे तो बिंदू सात पिक्सेल व्यापतो आणि डोळ्यावरची षट्कोनी जाळी पुसट होते. माझ्या मते एफ/८ ते एफ/११ च्या पुढे सहसा जाऊ नये. अधिक खोली हवी असेल तर थोडाथोडा फोकस सरकवत काढलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र करावीत. माळावरच्या वाऱ्यात मात्र ते क्वचितच साधते.

हाताच्या कंपाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅननने २००९ साली याच १०० मिमी एल लेन्समध्ये कोनातले आणि आडवे-उभे असे दोन्ही प्रकारचे कंप सावरणारी यंत्रणा आणली, आणि ती उपयोगीही आहे. पण श्वासागणिक शरीर पुढेमागे झुलते, ते कोणतीच लेन्स सावरत नाही, आणि एक मिलिमीटरच्या पट्ट्यातून डोळा निसटायला तेवढे झुलणे पुरते. अत्यल्प काळ चमकणारा, डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश हाताचा कंप आणि पात्याचे हलणे दोन्ही गोठवतो.

विषय पळणारा नसेल तर हिशेब वेगळा. सोलापुरी चादरीची वीण टिपायची असेल तर ६० मिमीची लेन्स उत्तम काम करते, कारण मॅक्रो लेन्स सपाट पृष्ठभाग कडेपासून कडेपर्यंत सारखाच स्पष्ट यावा अशा बेताने घडवलेली असते आणि साध्या लेन्सला जवळून हे साधत नाही. अडचण उजेडाची येते, कारण पाच सेंटिमीटरवर लेन्स स्वतःच कापडावर सावली धरते. दिवा अगदी आडव्या कोनात, कापडाच्या पातळीलगत ठेवला तर उभे आणि आडवे धागे एकमेकांवरून जाताना उठून दिसतात. ज्यांचे काम एवढेच आहे, त्यांनी नवी लेन्स न घेता आपल्याजवळच्या ५० मिमी लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावून पाहावी. २५ मिमीची ट्यूब अनंतावर फोकस केलेल्या लेन्सला १:२ पर्यंत नेते, ५० मिमीची १:१ पर्यंत. तिच्यात काच नसते म्हणून ती स्वस्त असते, पण कडांची स्पष्टता साध्या लेन्सचीच राहते, मॅक्रो लेन्सची येत नाही.

दुकानात जाताना मिलिमीटरची पट्टी सोबत न्यावी. लेन्स सर्वांत जवळच्या फोकसवर ठेवून, ऑटोफोकस बंद करून पट्टी स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा पुढेमागे करावा. फुलफ्रेमवर चौकटीच्या रुंदीत ३६ मिलिमीटर आणि त्याहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरवर कॅमेऱ्यानुसार २२ ते २४ मिलिमीटर दिसले तर प्रमाण खरोखर १:१ आहे. मग कॅमेरा तसाच ठेवून हूडच्या कडेपासून पट्टीपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे.