यंदाचा तारा मुलांच्या हातचा
नाताळची सजावट घरी करणाऱ्यांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक

नोव्हेंबर सरत आला की आमच्या वसईतल्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं, "मुलांना गुंतवायला काहीतरी द्या हो." कागद, कामट्या, डिंक, रंग हे सगळं आम्ही विकतोच. पण सामान घरी नेल्यावर नेमकं काय करायचं, हे काउंटरवर गर्दीत उभं राहून नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक. यातली प्रत्येक वस्तू आमच्या ओटीवर, आमच्याच मुलांना आणि शेजारच्या पोरांना सोबत घेऊन करून पाहिलेली आहे.

सुरुवातीलाच एक विनंती. मुलाने चिकटवलेला कागद सुरकुतला, ताऱ्याचं एक टोक कलंडलं, तर ते रात्री मुलं झोपल्यावर सरळ करू नका. सकाळी त्यांना लगेच कळतं. चाकू, कात्री, गॅस आणि वीज तेवढी मोठ्यांनी सांभाळावी. बाकीचं त्यांना करू द्या.

कामट्यांचा तारा

ज्याने दिवाळीचा आकाशकंदील घरी बांधला आहे, त्याला निम्मं काम आधीच येतं. तीच कामटी, तोच पतंगी कागद, तीच खळ. गोव्यात या ताऱ्याला नखेत्र म्हणतात आणि घरोघरी टांगतात. आपल्याकडे पडवीत, गॅलरीत किंवा दारासमोरच्या झाडावर लागतो. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना जमतो. दोन संध्याकाळ हाताशी ठेवा. पहिली सांगाड्याला, दुसरी कागदाला.

सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या, प्रत्येकी १९ इंच. कूस काढलेली असली तरी पॉलिश पेपर एकदा फिरवाच, कारण लहान बोटात कूस गेली की त्या दिवसाचं काम तिथेच थांबतं. आता मुलांच्या हाती पट्टी आणि पेन्सिल द्या. कामटीच्या टोकापासून अर्ध्या इंचावर पहिली खूण. तिथून ७ इंचांवर दुसरी, पुढे ४ इंचांवर तिसरी आणि आणखी ७ इंचांवर चौथी. शेवटी अर्धा इंच उरला पाहिजे. दहाही कामट्यांवर अशाच खुणा करायच्या.

पेन्सिल न उचलता काढायचा पाच टोकांचा तारा प्रत्येक मुलाने वहीच्या मागच्या पानावर काढलेला असतो. तोच आता जमिनीवर पाच कामट्यांनी मांडायचा. प्रत्येक कामटी एका कामटीच्या वरून आणि दुसरीच्या खालून जायला हवी, चटई विणतात तशी. टोकांच्या खुणा एकमेकींवर आणून तिथे आधी रबर बँड लावा. मुलांना गाठ मारायला वेळ लागतो, तोवर सगळं सुटतं. मग बघा, मधल्या खुणा बरोबर एकमेकींवर येतात आणि मधोमध पंचकोन उभा राहतो. आमच्याकडे दरवर्षी एखादं मूल या क्षणी मोठ्याने ओरडतं. सूतभर फरक पडला तर चालतो. आकार जमला की सगळ्या सांध्यांना साधा दोरा गुंडाळून गाठ मारा. दोरा मांज्याचा नको, त्याने बोटं कापतात.

असाच दुसरा तारा करा. दोन्ही एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. मधले सांधे मोकळेच ठेवायचे, कारण तिथे आता ३ इंचांचे पाच तुकडे उभे बसवायचे आहेत. हे तुकडे आत गेले की चपटा तारा फुगतो आणि त्याला पोट येतं. हे काम मात्र मोठ्यांनी करावं. कामटी ताणलेली असते, सुटली तर थेट डोळ्याकडे येते. कामट्या फार कडक वाटत असतील तर आदल्या दिवशी तासभर पाण्यात ठेवा, मग छान वाकतात. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना छोटी खाच पाडली की ते घसरत नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी कागद. पुढच्या आणि मागच्या बाजूला पाच-पाच त्रिकोण, कडांना दहा अरुंद त्रिकोण आणि पुढचा पंचकोन, मिळून २१ तुकडे. मागचा पंचकोन उघडा ठेवायचा, दिवा आत घालण्यासाठी. मापं काढत बसू नका. सांगाडाच कागदावर टेकवून मुलांना कडेने रेघ मारायला सांगा आणि कडेला अर्धा इंच जास्त ठेवून कापा. तेवढा भाग कामटीवर दुमडायचा असतो.

खळ घरी होते. दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळी न राहील असा कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पारदर्शक दिसू लागली की उतरवा. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची. मुलं हात लावणार असतील तर तो अजिबात घालू नका, तो विषारी आहे. त्यापेक्षा खळ रोज ताजी करावी. आणि ती कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची. पतंगी कागद ओला झाला की हातातच फाटतो.

रंगाबद्दल आमचं मत ठाम आहे. पांढरा, पिवळा, लाल आणि पोपटी हे रंग रात्री उजळतात. गर्द निळा आणि जांभळा दुकानात फार देखणे दिसतात, पण आत दिवा लागला की काळपट होतात. मुलाला निळाच हवा असेल तर टोकांना निळा आणि पोटाला पांढरा लावा. खालच्या दोन टोकांना उरलेल्या कागदाच्या झिरमिळ्या कापून चिकटवा. चिकटवायचं काम पाच वर्षांच्या धाकट्यासाठी राखून ठेवा, म्हणजे त्याचाही हात ताऱ्याला लागेल.

आत ५ वॉटचा एलईडी दिवा पुरतो. जुना तारेचा बल्ब तापतो आणि कागद जवळ असतो, मेणबत्तीचं तर नावच काढू नका. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे दव पडतं, म्हणून तारा छपराखाली टांगा. उघड्यावर टांगायचाच असेल तर पतंगी कागदाऐवजी जिलेटिन पेपर घ्या, जरी आम्हाला स्वतःला त्याची चमक तितकीशी आवडत नाही.

गोठा, आणि त्यातलं गवत

असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली. तिथे गवत होतं आणि खरा बैल आणि खरं गाढव होतं. गावातच मिळणाऱ्या गोष्टींतून त्यांनी येशूच्या जन्माचं बेथलेहेम उभं केलं. आपल्या गावातही काही कमी नाही. भातकापणी नुकतीच झालेली असते, त्यामुळे छपरासाठी ताजा, पिवळाधमक पेंढा मागितला की मिळतो. बुटांचा खोका आडवा ठेवला की झाला गोठा. भिंतींना नारळाची किसर किंवा चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद चिकटवा.

गोठ्यापुढची हिरवळ विकत घेऊ नका, पेरा. नवरात्रात घटाखाली गहू उगवतात, तेच गणित इथे. पसरट थाळीत दोन बोटं माती घ्या. रात्रभर भिजवलेले गहू किंवा नाचणी त्यावर दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि रोज हाताने पाणी शिंपडा. डिसेंबरात गारवा असतो, त्यामुळे नऊ दिवस पुरत नाहीत. १२ तारखेला पेरलंत तर २४ ला छान हिरवं लुसलुशीत शेत तयार असतं. पहिले तीन दिवस काहीच दिसत नाही आणि मुलं माती उकरून बघतात. बघू द्या. चार दाणे गेले तरी काही बिघडत नाही.

मेंढ्या करायला कापूस, आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांचे तुकडे पायांना आणि डोळ्यांना मोहरीचे दोन दाणे. फेव्हिकॉलने मोहरी पक्की बसते. चार वर्षांचं मूल एका बैठकीत सहा मेंढ्या करतं, आणि सहाही वेगवेगळ्या होतात. मारिया, योसेफ आणि मेंढपाळ तयार मूर्ती असतील तर तसेच ठेवा, नसतील तर पुढे सांगितलेल्या मातीचे करा.

आता एक जुनी पद्धत सांगतो, जी आमच्या घरात आजही चालते. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये येतो. त्या दिवशी काडेपेटीच्या खोक्याएवढी रिकामी गव्हाणी देव्हाऱ्याजवळ ठेवायची आणि शेजारी पेंढ्याच्या बारीक कापलेल्या काड्यांची वाटी. मुलाने दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलं, तर रात्री प्रार्थनेनंतर एक काडी गव्हाणीत ठेवायची. कुणाचं दप्तर उचललं, आजीचा चष्मा शोधून दिला, भांडण आपणहून मिटवलं. काय केलं ते सांगायची सक्ती नाही. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्री चर्चमधल्या मिस्साहून (प्रार्थनाविधीहून) आल्यावरच ठेवायची, तोवर ती लपवून ठेवा. आमची धाकटी एका वर्षी शेवटच्या दोन दिवसांत घरभर मदत करत फिरत होती, कारण बाळ येशूसाठी तिला गव्हाणी अजून टणक वाटत होती. बोटाने दाबून बघायची आणि पुन्हा कामाला लागायची.

बाळ येशूला भेटायला निघालेल्या तीन राजांच्या मूर्तींना घाई करू नका. त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर किंवा खिडकीत उभं करा आणि मुलांना रोज वीतभर पुढे सरकवू द्या. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ते गोठ्यापाशी पोहोचतात. सुट्टी संपल्यावरही मुलांचं लक्ष गोठ्यात राहतं ते यामुळे.

पांढरी माती

झाडावर टांगायला घंटा, मासे, देवदूत, जे आवडेल ते. पूर्वी आम्ही मैदा आणि मिठाच्या पिठाची कृती सांगायचो. वाळल्यावर वस्तू छान कडक होत, पण इथली समुद्राची हवा मिठाला मानवत नाही. मीठ ओल ओढून घेतं आणि पुढच्या वर्षी डबा उघडला की देवदूत मऊ पडलेले. आता आम्ही ही कृती देतो.

एक वाटी खाण्याचा सोडा, अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर, पाऊण वाटी पाणी. गार असतानाच एकजीव करा, मग मंद आचेवर ढवळत राहा. सुरुवातीला ताकासारखं पातळ असतं आणि एकदम घट्ट होतं. कुस्करलेल्या बटाट्यासारखं दिसलं की लगेच उतरवा, जास्त शिजलं तर चिरा पडतात. ओल्या फडक्याखाली निवू द्या. नंतर मळून पोळपाटावर भाकरीच्या जाडीचं लाटा. वाटीच्या काठाने गोल, शंकरपाळ्याच्या कातण्याने नागमोडी कडा. दोरा ओवायचं भोक ओलं असतानाच पेन्सिलच्या टोकाने पाडा. उन्हात ठेवू नका. सावलीत दोन दिवस, मधून मधून उलटत. एका वाटीत लहान वस्तू १५-२० सहज होतात.

आमच्या मुलांना सगळ्यांत आवडलेली युक्ती अशी. लाटलेल्या मातीवर पिंपळाचं किंवा फर्नचं पान शिरांच्या बाजूने ठेवून लाटणं फिरवायचं. पान उचललं की एकूणएक शीर उमटलेली दिसते. त्यावर रंग देऊच नये.

ही माती खायची नाही. त्यात सोडा भरपूर आहे. रांगतं मूल किंवा कुत्रा घरात असेल तर वस्तू उंचावर टांगा.

थोड्या वेळात होणारं

समुद्राकाठच्या सुरूच्या झाडांखाली बोटाच्या पेराएवढी फळं पडलेली असतात. पिशवीभर आणा, दोन दिवस कडक ऊन द्या म्हणजे आतले किडे निघून जातात. जाड पुठ्ठ्याचं कडं कापून त्यावर चिकटवली की दारावरचं तोरण झालं. फांद्या तोडू नका, खाली पडलेलं पुष्कळ असतं.

हिमाची फुलं कापताना कागदाची घडी चारात घातली जाते आणि चार पाकळ्यांचं फूल निघतं. खऱ्या हिमकणाला सहा हात असतात. म्हणून चौकोनी कागद अर्धा दुमडा आणि घडीचा मध्य धरून त्या अर्ध्याचे पंख्यासारखे तीन सारखे भाग दुमडा. आपल्या मुलांनी बर्फ पाहिलेला नसतो, पण सहा हात मोजायला त्यांना आवडतं.

आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या लहान मुलांसाठी कागदी नळ्यांच्या करा. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. ज्योत पिवळ्या कागदाची, दर रविवारी एक चिकटवायची.

थर्माकोल आम्ही ठेवत नाही. सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, आणि तो नसल्याने काही अडतही नाही.

दुकानात काय मिळेल

ताऱ्याची पुडी तयार आहे. १९ इंचांच्या १० कामट्या, ३ इंचांचे ५ तुकडे, दोऱ्याचं रीळ, रबर बँड आणि पतंगी कागदाचे चार ताव. कामट्या मोजून कापलेल्या आहेत, खुणा मात्र आम्ही मुद्दाम केलेल्या नाहीत. कागदाचे रंग पुडीत आधीपासून घातलेले नाहीत, ते काउंटरवर निवडायचे, म्हणून मुलांना सोबत आणा. धर्मशिकवणीच्या वर्गासाठी किंवा वाडीतल्या स्पर्धेसाठी दहापेक्षा जास्त पुड्या हव्या असतील तर चार दिवस आधी सांगा, कामट्या हातानेच सोलाव्या लागतात.

सांगाडा फुगवताना अडलं तर तो तसाच उचलून दुकानात आणा. बांधून देऊ, त्याचे पैसे नाहीत. फक्त २४ डिसेंबरला दुकान दुपारी दोनपर्यंतच उघडं असतं, आमचाही गोठा मांडायचा बाकी असतो.