पार्श्वभूमी : विधी विद्याशाखेचे माजी अधिष्ठाता

कोल्हापुरात 'डीन' म्हटले की आधी सीपीआर हे सरकारी रुग्णालय आठवते. त्यामुळे आयुष्यभर राज्यघटना शिकवलेल्या या सरांच्या नावापुढे निमंत्रणपत्रिकेत 'माजी डीन' छापले, की कुणीतरी त्यांना डॉक्टर समजतेच.

शहरात कायद्याचे शिक्षण १९३३ पासून आहे, विद्यापीठ १९६२ पासून. सर शिकवायला उभे राहिले ते मंडल निकालाच्या, म्हणजे ओबीसी आरक्षणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या सुमारास. १६ नोव्हेंबर १९९२ च्या त्या निकालाने आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. शाहू महाराजांच्या करवीर दरबाराच्या २६ जुलै १९०२ च्या आरक्षणाच्या हुकुमातही आकडा ५० च. पण तिथे तो किमान होता, इथे कमाल. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाच्या कलम १६(४) चा त्यांचा तास इथूनच सुरू व्हायचा.

खरा घोळ 'अधिष्ठाता', म्हणजे डीन, या शब्दाचा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात हा माणूस विद्याशाखेच्या सदस्यांनी निवडून द्यायचा. मग गट आले, मतांची बेरीज आली, कोण कुठल्या संस्थेचा तेही आले. सर असेच निवडून आले आणि पद सांभाळून तासही घेत राहिले. १ मार्च २०१७ ला नवा कायदा लागू झाला. विद्याशाखा चारच उरल्या आणि विधी हा विषय मानवविज्ञानात गेला. अधिष्ठाता आता पूर्णवेळ, पगारी, निवड समितीने नेमलेला. निवडणुकीचे राजकारण थांबले, हे मान्यच. पण कायद्याचा अभ्यासक्रम ज्याच्या सहीने पुढे जातो त्याने कधी कायदा शिकवलेला असेलच, याची खात्री गेली. नव्या कायद्याचे समर्थक या मुद्द्यावर सहसा बोलत नाहीत. म्हणजे सर ज्या पदाचे 'माजी' आहेत, त्याला आजी कुणी नाही.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे कामकाज इथे सुरू झाले आणि निवृत्त सरांची व्याख्याने वाढली. श्रोत्यांचा प्रश्न ठरलेला : खंडपीठ मिळाले ना? सरांचे उत्तरही ठरलेले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(२) खाली कायम खंडपीठाला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. ५१(३) खाली राज्यपालांच्या मंजुरीने मुख्य न्यायमूर्ती बैठकीचे ठिकाण ठरवतात. कोल्हापूरला मिळाले ते दुसरे, सर्किट बेंच. व्यासपीठामागच्या फलकावर 'खंडपीठ' लिहिलेले त्यांना म्हणूनच चालत नाही.