गयाना आणि सुरिनाम: सारखे दिसणारे दोन शेजारी

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, कोरंटाइन नदीच्या अल्याड-पल्याड हे दोन देश आहेत. आपल्याकडे एकाची माहिती सर्रास दुसऱ्याच्या नावावर खपते. साम्य आहेच म्हणा. दोन्हीकडे ऊसमळ्यांवर राबायला कलकत्त्याहून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले गेले, दोन्हीकडे फगव्याला, म्हणजे होळीला, सरकारी सुट्टी असते. गयानावर इंग्रजांचं राज्य होतं, तो १९६६ मध्ये स्वतंत्र झाला. सुरिनामवर डचांचं, तो १९७५ मध्ये. पण मला खरा फरक जाणवतो तो घरातल्या बोलीत.

गयानात पहिली दोन जहाजं मे १८३८ मध्ये लागली आणि १९१७ पर्यंत सुमारे २,३९,००० भारतीय तिथे उतरले. एवढी माणसं असूनही भोजपुरी टिकली नाही. शाळा, कचेरी, बाजार, सगळं इंग्रजीत. आज आफ्रिकी वंशाचं घर असो की भारतीय, कानावर पडते ती क्रिओल, म्हणजे तिथे घडलेली मिश्र इंग्रजी. जुनी भाषा उरली ती भजनांत, नात्यांच्या नावांत आणि स्वयंपाकघरात.

सुरिनाममध्ये 'लल्ला रूख' जहाज ५ जून १८७३ ला पोहोचलं. १९१६ पर्यंत आले जेमतेम ३४,००० लोक. तरी त्यांची सरनामी, म्हणजे भोजपुरीच्या वळणाची बोली, आजही बोलली जाते, तिच्यात बैठक गाणं हा तिथल्या भारतीयांचा गाण्याचा प्रकार रंगतो. ते उशिरा आले, आणि राज्यकर्त्यांची डच त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचायला वेळ लागला, हे मला त्यामागचं मोठं कारण वाटतं. शिवाय तिथे प्रत्येकानेच आपली भाषा जपलीय. १८९० पासून आलेले जावानीज, म्हणजे जावा बेटावरचे लोक, आहेत. जंगलात सारामाका आणि एनजुका आहेत, मळ्यांवरून पळालेल्या गुलामांचे वंशज. त्यांच्या पूर्वजांनी १७६० आणि १७६२ मध्ये डचांना तह करायला भाग पाडलं, ही त्या देशाच्या इतिहासातली मला सर्वांत अभिमानास्पद वाटणारी गोष्ट. कचेरीत डच, बाजारात स्रानान टोंगो ही सगळ्यांची मिश्र बोली, घरी आपापली बोली. राजधानी पारामारिबोच्या कायझरस्त्राट या रस्त्यावर तर मशीद आणि सिनेगॉग अगदी शेजारी-शेजारी उभे आहेत.

गयानात मात्र सगळं एकाच भांड्यात शिजतं, आणि पेपरपॉट हा त्याचा पुरावा. कडू कसाव्याच्या कंदाचा रस आटवून केलेला काळा, दाट कॅसारीप ही मूळनिवासींची देणगी. त्यात मांस तासन्‌तास शिजतं, नाताळच्या सकाळी ते पावाशी खातात.

क्रिकेटवरूनही ओळख पटते. गयाना वेस्ट इंडीजच्या संघात. गावसकरांचं पहिलं कसोटी शतक १९७१ मध्ये गयानाच्या राजधानीत, जॉर्जटाउनलाच झालं. सुरिनामचं वेड फुटबॉलचं, नामवंत फुटबॉलपटू क्लॅरेन्स सीडॉर्फ पारामारिबोत जन्मला.

परदेशी जाणाऱ्यांच्या वाटाही वेगळ्या. न्यूयॉर्कच्या रिचमंड हिलमधली फगव्याची मिरवणूक गयानी लोकांची, तर नेदरलँड्सच्या हेगमधली रोटीची दुकानं सुरिनामींची.