त्रिकोण, शंकरपाळी आणि भोकांची पट्टी: पूलच्या रॅकची पार्श्वभूमी

पूल म्हणजे टेबलावर काठीने बॉल खिशात घालायचे खेळ, आणि रॅक म्हणजे डावाआधी ते बॉल एकत्र लावायची चौकट. पूलचे सगळे खेळ एकाच रॅकने लावता यावेत म्हणून कुणीतरी अधूनमधून नवी चौकट बनवायला बसतं. कधी लाकडाची, कधी ॲल्युमिनियमची. काम सोपं वाटतं. बॉल गोल आहेत, एका मापाचे आहेत, ते एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि चौकट उचलायची. पण उचलताना एखादा बॉल केसभर सरकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शिवाय आजवर चौकट जेव्हा जेव्हा खरोखर सुधारली, तेव्हा खेळाचे नियमही हलवावे लागले.

त्रिकोण आधी आला, आजचे खेळ नंतर. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘पिरॅमिड’ नावाचा खेळ होता. त्यात पंधरा लाल बॉल त्रिकोणात लावत. पंधराच का, तर एक, दोन, तीन, चार, पाच अशा ओळींची बेरीज पंधरा होते आणि त्रिकोण तिन्ही बाजूंनी गच्च भरतो. अमेरिकेत बॉलवर आकडे आले. फिफ्टीन-बॉल पूलमध्ये ज्या बॉलवर जो आकडा, तेवढे गुण. एकूण गुण 120, म्हणजे 61 झाले की जिंकलात. मोठ्या आकड्यांचे थोडेच बॉल खिशात घालून माणूस जिंकू शकतो, हे लोकांना खटकलं आणि 1880 च्या दशकाअखेरीस प्रत्येक बॉलला एकच गुण देणारा प्रकार रुळला. त्रिकोण मात्र तसाच राहिला.

या त्रिकोणाची एक शाखा आपल्याकडची आहे. 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पिरॅमिडच्या पंधरा लाल बॉलमध्ये रंगीत बॉल घातले आणि स्नूकर जन्मला. पुढे 1882 मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम कागदावर आले. गंमत अशी की पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स आणि मुंबईचे मायकेल फरेरा यांनी ज्या खेळात जगज्जेतेपदं मिळवली, त्या बिलियर्ड्सला त्रिकोण लागतच नाही. तिथे टेबलावर बॉलच मुळी तीन.

स्नूकरचा त्रिकोण पूलला का चालत नाही, हे मापावरून कळतं. पूलच्या बॉलचा व्यास 57.15 मिलिमीटर, स्नूकरच्या बॉलचा 52.5. पंधरा बॉल बसवायचे तर आतली बाजू व्यासाच्या साधारण 5.73 पट लागते. पूलला ती 328 मिलिमीटरच्या आसपास येते, स्नूकरला 301. म्हणजे पूलच्या चौकटीत स्नूकरचे बॉल लावले तर ते आत डुगडुगतात. एकच चौकट दोन्ही टेबलांवर फिरवणाऱ्या क्लबात ब्रेकला, म्हणजे डाव सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्याला, बॉल नीट फुटत नाहीत, त्याचं कारण बहुधा एवढंच असतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळांचं पीक आलं. 1910 च्या सुमारास जेरोम किओ यांनी ‘14.1’ नावाचा खेळ आणला. त्यात चौदा बॉल पडले की पंधरावा जिथे आहे तिथेच ठेवायचा, पडलेले चौदा पुन्हा रॅक करायचे, टोकाची जागा रिकामी सोडायची आणि डाव पुढे चालू. 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये विली मॉस्कोनी यांनी याच खेळात सलग 526 बॉल घातले. म्हणजे त्या एका खेळीत रॅक कितीदा लावला गेला असेल, बघा. एट-बॉलही याच काळातला. त्यात काळा बॉल मधोमध आणि मागच्या दोन कोपऱ्यांत वेगवेगळ्या गटांचे बॉल, म्हणजे एक एकरंगी आणि एक पट्टेरी. चौकट तीच, आतली मांडणी वेगळी. इथवर त्रिकोणाला काही अडचण नव्हती.

अडचण आणली नाइन-बॉलने. नऊ बॉल लावायचे ते शंकरपाळीच्या आकारात: एक, दोन, तीन, दोन, एक. पंधराच्या त्रिकोणात पहिल्या तीन ओळी दोन्ही बाजूंना टेकतात. मागच्या तीन बॉलना मात्र बाजूंचा आधार नसतो. खेळाडू मागून बोटांनी दाबून चौकट सफाईने काढून घेतात. ही कला आहे, पण कापड झिजलेलं असेल तर कलेचा उपयोग नाही. रोज त्याच जागी बॉल आपटून तिथे बारीक खळगे पडतात आणि बॉल तुमच्या मर्जीने नव्हे, खळग्याच्या मर्जीने बसतो. म्हणून खास शंकरपाळीच्या आकाराची चौकट निघाली. ती बाजूंचा प्रश्न सोडवते, खळग्यांचा नाही, आणि दुसऱ्या कुठल्या खेळाला लावावी तर जुळत नाही.

इथे कॅरमची आठवण होते. मध्ये एक, भोवती सहा, त्याभोवती बारा अशा एकोणीस सोंगट्या आपण चौकटीशिवाय, दोन्ही तळव्यांत धरून घट्ट करतो. सोंगटीला सपाट बूड आहे, म्हणून ते जमतं. सेव्हन-बॉल या पूलच्या खेळाची मांडणीही तशीच आहे, मध्ये एक आणि भोवती सहा. पण बॉलला बूड नाही. हात काढला की तो जागा शोधू लागतो.

1990 च्या दशकाअखेरीपासून बाजारात आलेल्या सार्डो टाइट रॅकने हात काढण्याचा प्रश्न निकालात काढला. ही जड यंत्रासारखी चौकट बॉल एकमेकांवर आणि कापडावर दाबून बसवत असे. मांडणी इतकी अचूक होऊ लागली की नाइन-बॉलच्या ब्रेकला कडेचा बॉल जवळजवळ ठरल्यासारखा कोपऱ्यातल्या खिशात जाऊ लागला. 2001 च्या नाइन-बॉलच्या यूएस ओपन स्पर्धेत कोरी ड्युएल यांनी हे हेरून जोर न लावता हळू ब्रेक मारले. बॉल पडायचा आणि पुढचा बॉल हवा तिथे राहायचा. ते विजेते ठरले. प्रेक्षकांना हे आवडलं नाही. माझ्या मते त्यात खेळाडूचा काहीच दोष नव्हता. ढिल्या रॅकमुळे आजवर झाकलेलं गणित घट्ट रॅकने उघडं पाडलं, इतकंच.

मग नियम बदलत गेले. काही स्पर्धांत टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर टोकाच्या एक नंबरच्या बॉलऐवजी मधला नऊ नंबरचा बॉल ठेवू लागले, म्हणजे सगळी मांडणी पुढे सरकून कडेच्या बॉलची वाट बिघडते. ब्रेक मारण्याची जागा चौकोनात बांधली गेली. किमान तीन बॉल खिशात जावेत किंवा टेबलावरच्या ठरलेल्या रेषेपर्यंत यावेत, अशी अट आली. टेन-बॉलला मान मिळाला तोही याच ओघात. त्याचं पहिलं जागतिक अजिंक्यपद 2008 मध्ये झालं. चार ओळींचा दहा बॉलचा तो त्रिकोण फोडणं अधिक अवघड.

2010 च्या आसपास चौकटीची कल्पनाच उलटली. बॉलना बाहेरून कुंपण घालण्याऐवजी खाली कागदासारखी पातळ प्लास्टिकची पट्टी अंथरायची. मॅजिक रॅकसारख्या या पट्ट्यांना बॉलच्या जागी भोकं असतात आणि बॉल त्यांत अलगद बसतो. बहुखेळी रॅकचं कोडं इथे जवळपास सुटतं. पंधराच्या जाळीतच दहाचा त्रिकोण आणि नऊची शंकरपाळी दोन्ही सामावतात, म्हणून एका पट्टीवर कोणती भोकं भरायची एवढंच ठरवायचं.

14.1 मात्र अजून सहज दाद देत नाही. तिथला ब्रेक अनेकदा हलका असतो आणि बरेच बॉल जागेवरच राहतात. त्यांच्याखालची पट्टी ओढून काढता येत नाही आणि ठेवली तर तिची कड आड येते. शिवाय पंधरावा बॉल रॅकच्या जागेत येतो की बाहेर, हा वाद मिटवायला त्या खेळात कापडावर पेन्सिलने हद्द आखलेली असते. आणि ती आखायला त्रिकोणच लागतो.